दोन कॅमेरे आणि एक भिशी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या भागात लग्नसराईला तोंड फुटतं. मुस्लिम घरांत मुहर्रम आणि रमजान सोडून निकाहाच्या तारखा धरतात, पण हॉल, आचारी आणि फोटोग्राफर यांच्यासाठीची ओढाताण सगळ्यांची एकदमच होते. त्याआधीचे दोन महिने सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातली फोटोग्राफर पोरं एकाच चर्चेत बुडालेली असतात. जुना डीएसएलआर थकला, आता मिररलेस घ्यायचा, हे ठरलेलं असतं. बजेट अडीच लाखांचं असतं. आणि तेवढ्या पैशांत बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी येऊन अडते : कॅननचा ईओएस आर६ मार्क टू आणि सोनीचा ए७ फोर.

सांगलीतला माझा भाचाही तिथेच अडकलाय. त्याच्या अब्बांचा, म्हणजे माझ्या मेहुण्यांचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळी कामं तिथं होतात. भाचा रात्री फोन करतो आणि म्हणतो, ''मामू, दोनो बी सरीकेच हैं, कौनसा लेऊं?'' मी पेशानं फोटोग्राफर नाही. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये फुलांमागे फिरणारा हौशी माणूस आहे. पण हा प्रश्न माझ्या भाच्यापुरता नाही. आपल्या समाजातली बरीच पोरं कमी भांडवलात आणि हाताच्या कसबावर उभा राहणारा धंदा म्हणून याकडे वळली आहेत. त्यांच्यासाठी कॅमेरा निवडणं ही वर्ष-दोन वर्षांच्या कमाईची बाजी असते. म्हणून यावर चार शब्द जाहीरपणे लिहावेसे वाटले.

आधी कागदावरचा हिशेब पाहू. सोनीचा ए७ फोर २०२१च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला, कॅननचा आर६ मार्क टू २०२२च्या नोव्हेंबरमध्ये. भारतात आले तेव्हा दोघांच्याही नुसत्या बॉडीची किंमत दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. दोघांचाही सेन्सर फुल-फ्रेम, दोघांतही दोन कार्ड बसतात, दोघेही माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवतात. बॅटरी आणि कार्डासह कॅननचं वजन ६७० ग्रॅम, सोनीचं ६५८. बारा ग्रॅमचा फरक तर तराजूलाही कळायचा नाही. मोठा दिसणारा फरक एकच, मेगापिक्सेलचा. कॅनन २४, सोनी ३३. दुकानात बोट याच आकड्यावर ठेवलं जातं, आणि पोरंही त्याच आकड्यावर भाळतात.

हा आकडा आपल्या कामावर ठेवून पाहा. आपल्याकडचा लग्नाचा अल्बम म्हणजे बहुधा १२ बाय ३६ इंचांचा करिझ्मा. उघडल्यावर समोर ३६ इंचांचा पट्टा येतो, म्हणजे एकेक पान १२ बाय १८. इंचाला ३०० ठिपके हा छपाईचा चोख हिशेब धरला तर एका पानाला ५४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके लागतात. कॅननच्या फोटोत ते २ कोटी ४० लाख असतात, सोनीच्या फोटोत ३ कोटी ३० लाख. दोघेही पान भरून उरतात. एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला, तर कॅननचे आडवे ६००० ठिपके इंचाला १६७ पडतात आणि सोनीचे ७००८ ठिपके इंचाला १९५. मांडीवर अल्बम घेऊन नातीचा चेहरा बघणाऱ्या नानीला हा फरक दिसणार नाही. शिवाय ३३ हा आकडा २४ पेक्षा एक तृतीयांशाहून मोठा वाटतो, पण फोटोच्या रुंदीत तो फरक फक्त १७ टक्के उरतो. फाइल मात्र तेवढ्याच प्रमाणात फुगते, आणि दर लग्नामागे हार्ड डिस्क लवकर भरते.

म्हणजे ३३ मेगापिक्सेल बिनकामाचे आहेत असं नाही. कासचं पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तिथली सीतेची आसवं नखाएवढी असतात, आणि कुंपणाबाहेरून त्यांचा फोटो काढणाऱ्याला मागाहून कातरायला जागा लागते. कडेगावच्या मुहर्रममध्ये गगनचुंबी ताबूतांच्या भेटी होतात, हिंदू-मुस्लिम दोघांचे ताबूत एकाच गर्दीतून पुढे सरकतात. तिथं ताबूताचं टोक आणि खालच्या माणसांचे चेहरे एकाच फोटोत हवे असतील तर जास्तीचे ठिपके उपयोगी पडतात. पण वर्षात अशी कामं किती आणि अल्बमची किती, हे ज्यानं त्यानं आपल्या वहीत पाहावं.

दुसरा आकडा वेगाचा. कॅनन यांत्रिक शटरनं सेकंदाला १२ फोटो काढतो, इलेक्ट्रॉनिक शटरनं ४०. सोनी १० काढतो, आणि रॉ फाइल कमी दाबून ठेवायची म्हटलं तर त्याहूनही कमी. आता चला पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या डिसेंबरमध्ये बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून शर्यतींचे फोटो हे आपल्या भागात रोख पैशांचं काम झालंय. बैलाचा मालक धुरळ्यातल्या आपल्या जोडीचा मोठा फोटो घरात लावतो आणि खुशीनं पैसे देतो. जोडी कॅमेऱ्यासमोर नीट सापडते ती दोनेक सेकंद. तेवढ्यात सोनी २० फोटो देईल, कॅनन २४. कॅनन इलेक्ट्रॉनिक शटरनं ८० देईल, पण दिवसभरातल्या एवढ्या जोड्यांचे ऐंशी-ऐंशी फोटो रात्री निवडत कोण बसणार? आणखी एक गंमत आहे. कॅननच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी आणि घोडा ओळखण्याची सोय आहे. बैलाचं नाव कुणाच्याच यादीत नाही. तिथं शेवटी फोटोग्राफरलाच कळावं लागतं की जोडी कुठे वळणार.

मात्र एका बाबतीत कॅनन खरोखर पुढे आहे, आणि ती गोष्ट जाहिरातीत नीट सांगत नाहीत. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की सेन्सर फोटो एका दमात घेत नाही, ओळीओळीनं वाचतो. सोनीचा हा सेन्सर सावकाश वाचतो. त्यामुळे पळत्या गाड्याचं चाक तिरकं दिसू शकतं आणि स्टेजवरच्या एलईडी दिव्यांचे पट्टे फोटोत उमटू शकतात. निकाहाचा खुतबा चालू असताना सगळे शांत बसलेले असतात, तिथं हे मूक शटर फार कामाचं. माणसं हलत नसल्यानं सोनीचंही भागतं. पण वरातीत आणि हॉलच्या दिव्यांत त्याला यांत्रिक शटरवरच यावं लागतं.

व्हिडिओचंही तसंच. रुखसतीच्या वेळचं संथ चित्रण आता प्रत्येक घराला हवं असतं. त्यासाठी फोरकेमध्ये सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम लागतात. कॅनन ते सेन्सरच्या पूर्ण रुंदीवर घेतो. सोनी मधला भागच वापरतो, त्यामुळे २४ मिलिमीटरची लेन्स ३६ची होते. मोहल्ल्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत नवरीभोवती पंधरा बायका असतात आणि फोटोग्राफरची पाठ आधीच भिंतीला टेकलेली असते. तिथं मागं सरकणार कुठं?

रंगाविषयी मात्र फार भाकडकथा चालतात. एका कंपनीच्या कॅमेऱ्यात कातडी गुलाबी येते, दुसरीच्या कॅमेऱ्यात हिरवट, असं पोरं शपथेवर सांगतात. रॉमध्ये फोटो काढणाऱ्याला दोन्हींतून हवा तो रंग काढता येतो. आपल्याकडच्या नवऱ्या गोऱ्या दिसतात त्या कॅमेऱ्यामुळे नव्हे, संगणकावर बसून केलेल्या पांढरेपणामुळे. सावळ्या मुलीचा चेहरा अल्बममध्ये चुन्यासारखा करून टाकायचा आणि हे पार्ट्यांना आवडतं म्हणायचं, ही सवय कुठलाही कॅमेरा घेऊन सुटणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कॅननच घ्या, विषय संपला. तसं नाही. खरा खर्च बॉडीचा नसतो, लेन्सचा असतो. सोनीनं आपलं माउंट दुसऱ्या लेन्स कंपन्यांना खुलं ठेवलं. त्यामुळे सिग्मा आणि टॅमरॉनच्या चांगल्या एफ/२.८ लेन्स सोनीवर कमी पैशांत मिळतात. कॅननची तशीच आरएफ एल लेन्स घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. कॅननं २०२४मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार किलकिलं केलं, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची एक आटोपशीर २८-७० एफ/२.८ लेन्स आणली, पण निवड अजून तोकडीच आहे. म्हणून ज्याच्या घरात आज एकही लेन्स नाही आणि जो पहिल्यापासून सुरुवात करतोय, त्याला मी बिनदिक्कत सोनी घे म्हणेन. वाचलेल्या पैशांत त्याची एक चांगली लेन्स येईल, आणि चांगली लेन्स बॉडीपेक्षा जास्त वर्षं टिकते.

माझ्या भाच्याचं तसं नाही. मेहुण्यांच्या कपाटात कॅनन ६डी आहे, २४-१०५ आहे, ७०-२०० आहे, ५०ची छोटी लेन्स आहे. या जुन्या ईएफ लेन्स कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरनं नव्या बॉडीवर बसतात आणि फोकस पूर्वीसारखाच, कधी त्याहून चांगला चालतो. सोनीवर त्या बसवायच्या तर दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि ऐन वरमाला पडताना फोकस मागंपुढं फिरत राहिला तर पार्टीला काय सांगणार? ६डीच्या बॅटऱ्याही नव्या कॅननमध्ये चालतात. म्हणजे या घरासाठी कॅननचं पारडं जड आहे, आणि ते मेहुण्यांनी वीस वर्षांत जमवलेल्या सामानानं जड केलंय. माहितीपत्रकातल्या आकड्यांचा त्यात फारसा हात नाही.

आता पैशांकडे येऊ. दुकानदार म्हणतो, शून्य टक्के व्याजावर हप्ते करून देतो. आमच्या घरात व्याज नको हा आग्रह आहे, आणि तो नसलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं की २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत ते व्याज कुठंतरी दडलेलं असतं. म्हणून पैसे येणार आहेत ते भिशीतून. नात्यातल्या २५ घरांची, महिना दहा हजारांची भिशी आहे. तिच्यातला बहिणीचा नंबर यंदा लागतो. हा नंबर मुळात भाचीसाठी धरलेला होता, तिच्या बी.एड.च्या फीसाठी. भाची म्हणाली, भाईला कॅमेरा घेऊ द्या, माझं पुढच्या वर्षी बघू.

मला बोलायचं आहे ते इथं. कॅनन की सोनी या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही, की कॅमेरा कुणाच्या हातात असणार आहे. भाची गेली तीन वर्षं स्टुडिओत अल्बमची मांडणी करते, फोटो निवडते, रंग सुधारते. भाच्यानं काढलेल्या हजारो फोटोंतले चुकलेले कोणते आणि का चुकले, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि आपल्या लग्नांत अर्धं लग्न बायकांच्या बाजूला असतं. हळद, मेहंदी, नवरीचा साजशृंगार, सख्यांची चेष्टामस्करी. कित्येक घरांत तिथं परक्या पुरुषाला कॅमेरा घेऊन जाऊ देत नाहीत. मग तिथले फोटो कुणीतरी मोबाइलवर काढते, आणि अल्बमचं तेवढं पान धुरकट राहतं. आता तर बायका स्वतःहून विचारतात, फोटो काढणारी मुलगी आहे का, आणि आमचे फोटो बाहेर कुठं टाकणार नाही ना? हे फक्त मुस्लिम घरांतच आहे असंही नाही. पाळण्याच्या आणि डोहाळजेवणाच्या कार्यक्रमांतही हीच विचारणा होते. फोटो काढावेत की नाहीत यावर आपल्याकडे धार्मिक मतभेद आहेत, त्यांचा मान राखून एवढंच म्हणतो की ज्या घरांना फोटो हवे आहेत, त्या घरांतल्या बायकांना भरवशाची माणसं मिळायला हवीत.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माझा मुद्दा लगेच कळेल. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ही वाद्यं घडवायला घेतली, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गवयाच्या मागं तंबोऱ्याची जोडी असते. दोन तंबोरे वरून अगदी सारखे दिसतात. भोपळा तोच, दांडी तीच. ते निवडताना कारागीर एकट्या तंबोऱ्याची तारीफ करत बसत नाही. जवारी लावून दोन्ही एकमेकांशी आणि गाणाऱ्याच्या आवाजाशी जुळतात का, ते ऐकतो. वाद्य चांगलं आहे हे तर गृहीतच असतं.

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं आहे. कॅनन आर६ मार्क टू की सोनी ए७ फोर, या दोन्हींपैकी एकही नवा घेऊ नकोस. पहिला आर६, जो २०२०मध्ये आला, तो वापरलेला पण नीट राखलेला शोध, आणि एकाऐवजी दोन घे. त्याचा फोटो ५४७२ गुणिले ३६४८ ठिपक्यांचा असतो. वर हिशेब केलेलं अल्बमचं पान ५४०० गुणिले ३६०० मागतं. म्हणजे पान पुरं भरतं, वाया काही जात नाही. यांत्रिक शटर तेच १२ फोटोंचं, कार्डं दोन, स्थिरता उत्तम. भाच्यानं चौकशी केली तेव्हा दोन वापरलेल्या बॉडी आणि दोन अ‍ॅडॅप्टर भिशीच्या रकमेत बसत होते. लेन्स कपाटातल्याच, बॅटऱ्या एकमेकांत चालणाऱ्या, फोटोंचा रंग एकसारखा, त्यामुळे दोघांचे फोटो एका अल्बममध्ये ठिगळासारखे दिसणार नाहीत. एक बॉडी ऐन निकाहात बंद पडली तर दुसरी आहे. जुना ६डी तिसरा, पासपोर्ट फोटोंसाठी.

यात तोटा नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या आर६मध्ये सलग चित्रण अर्ध्या तासाच्या आत थांबतं आणि फोरकेमध्ये तो तापतो. लांबच्या लांब भाषणं चित्रित करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. वापरलेली वस्तू घेताना मूळ बिल आणि बॉडीवरचा नंबर जुळतात का, शटर किती वेळा पडलंय, सेन्सरवर डाग किंवा ओरखडा आहे का, फ्लॅश लावायची पट्टी ढिली झालीय का, हे सगळं डोळ्यांनी पाहूनच पैसे मोजावेत. आणि शक्य असेल तर एक दिवस भाड्यानं घेऊन खऱ्या कार्यक्रमात वापरून पाहावा. दुकानातल्या काचेच्या कपाटाचा फोटो काढून काही कळत नाही. भाचीनंही तो हातात घेऊन चार तास उभं राहून पाहावं, कारण मनगट तिचं दुखणार आहे.

भाच्याला हे फारसं पटलेलं नाही. नव्या बॉडीचा मान वेगळा, पार्टी कॅमेऱ्याकडे बघून दर ठरवते, असं त्याचं म्हणणं. त्यात थोडं तथ्य आहे. पण बायकांच्या बाजूचं काम ज्याच्याकडे आहे त्याला पार्टी दर विचारत येते, हेही त्यानं पाहावं. आणि दोन कॅमेरे आले तर दर लग्नाच्या मजुरीत भाचीचा हिस्सा आधीच ठरवून वहीत लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षीची बी.एड.ची फी तिला कुणाकडे मागावी लागणार नाही. भिशीचा नंबर तिचाच होता.